एलियाहू हन्नाबी कुणी चोरला नाही



तू बिश्वात जवळ आला की आपल्या ग्रुपांवर दोन मजकूर हमखास फिरू लागतात. पहिला म्हणतो, मुसलमानांनी आपला एलियाहू हन्नाबी चोरला, त्याचा इल्यास केला, खिजर केला, हिरवे कपडे घालून पाण्यात उभा केला. दुसरा म्हणतो, मलिदा आणि उरूस ह्या मुसलमानांच्या शेजारामुळे लागलेल्या सवयी आहेत, इस्राएलमध्ये त्या शोभत नाहीत, तेव्हा 'सेदेर एलियाहू' म्हणा आणि उरूस हा शब्द पत्रिकेतून काढून टाका. गंमत म्हणजे पुष्कळदा हे दोन्ही मजकूर एकाच माणसाकडून येतात, आठवड्याच्या अंतराने. त्यांनी आपल्याकडून चोरला असेल तर आपण त्यांच्याकडून कसा घेतला, हा प्रश्न त्या माणसाला पडत नाही.

मला ह्या दोन्ही मजकुरांशी भांडायचं आहे. पहिला खोटा आहे आणि दुसरा अर्धा खरा आहे. अर्धा खरा जास्त नुकसान करतो, कारण त्याच्या नादाने आपण आपल्याच आजीपणजीचे शब्द खोडायला निघालो आहोत.

आधी चोरीचं पाहू. कुराणात एलियाहूचं नाव इल्यास असं येतं. सहाव्या सूरेत नेक माणसांची नावं सांगताना जकरिया, याह्या, ईसा यांच्या जोडीला इल्यास आहे, आयत ८५. मग सदतिसाव्या सूरेत, १२३ ते १३२ या आयतींत, त्याच्यावर छोटासा भाग आहे. तो आपल्या लोकांना विचारतो की सर्वांत उत्तम निर्माणकर्त्याला सोडून तुम्ही बआलाला कसे हाक मारता. लोक त्याला खोटा ठरवतात. शेवटी त्याच्यावर सलाम. बस, इतकंच. आहाब नाही, इझेबेल नाही, कावळे नाहीत, सारफाथची विधवा नाही, कर्मेलवरचा अग्नी नाही. पहिल्या मेलाखीमचे तीन अध्याय, सतरा ते एकोणीस, ज्याने वाचले आहेत त्याला हे फार तोकडं वाटेल. पण काय ठेवलं आहे ते बघा. बआलाचं नाव ठेवलं आहे. देव या अर्थाने बआल हा शब्द सबंध कुराणात ह्या एकाच जागी येतो, आणि तो इल्यासच्या तोंडी येतो. एलियाहूच्या आयुष्याचा कणा कोणता, हे सांगणाऱ्याला बरोबर माहीत होतं.

बाकीची गोष्ट पुढच्या ग्रंथांत भरली गेली. तबरी हा इस्लामचा मोठा इतिहासकार, मृत्यू इ.स. ९२३. तो इल्यासची वंशावळ देतो: इल्यास, यासीनचा मुलगा, तो फिन्हासचा, तो अल-ईजारचा, तो हारूनचा. म्हणजे आपले पिनहास, एलआझार आणि आहरोन. आता आपल्या मिद्राशांत काय आहे ते आठवा. आपल्याकडे तर पिनहास म्हणजेच एलियाहू, अशी मोठी परंपरा आहे. पिर्के दे-रब्बी एलिएझरमध्ये ती सापडते, आणि मिलाच्या वेळी एलियाहूची खुर्ची मांडतात त्यामागचं कारणही त्याच ग्रंथात दिलेलं आहे. तनाखमध्ये एलियाहूच्या बापाचं नाव नाही, तो नुसता गिलआदचा तिशबी आहे. त्याला पिनहासाशी जोडणं ही रब्बींच्या घरातली गोष्ट. ती बगदादेत बसलेल्या तबरीपर्यंत कशी पोचली? कुणीतरी ज्यूने सांगितली म्हणूनच ना!

तबरी पुढे सांगतो की इल्यासपाशी अग्नीचा घोडा आला आणि तो त्यावर बसला. देवाने त्याला पिसं दिली, प्रकाशाचं वस्त्र दिलं, अन्नपाण्याची वासना काढून घेतली, आणि तो अर्धा माणूस अर्धा मलाख होऊन मलाखांबरोबर उडू लागला. दुसऱ्या मेलाखीमच्या दुसऱ्या अध्यायात अग्नीचा रथ आणि अग्नीचे घोडे आहेत. इथे रथ गेला, घोडा उरला. (आपल्या खंडाळ्याच्या खडकावर आपण चाकांच्या खुणा आणि घोड्याच्या टापा दोन्ही दाखवतो, हे जाता जाता.)

ही कथा तबरी कुणाच्या नावावर देतो? यमनच्या वहब इब्न मुनब्बिहच्या. त्याच्या नावावर ज्यूंकडून आलेल्या अशा कितीतरी कथा आहेत, आणि मुसलमान विद्वानांनी ह्या सगळ्या साठ्याला एक नाव दिलं: इस्राइलियात. काही मुल्लांनी त्यांच्यावर टीका केली, काहींनी त्या आवडीने सांगितल्या, पण नाव सगळ्यांनी तेच ठेवलं. आता मला सांगा, ज्या मालावर मूळ दुकानाची पावती चिकटवलेली आहे, त्याला चोरीचा माल म्हणायचं का? चोर आधी खूण पुसतो. ह्यांनी आहरोनपर्यंतची वंशावळ राखून ठेवली.

खिजरचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, आणि फॉरवर्ड करणाऱ्यांचा तिथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो. अठराव्या सूरेत (आयत ६० ते ८२) मोशे एका माणसाबरोबर प्रवासाला निघतो. त्या माणसाचं नाव कुराणात नाही. तो देवाचा एक सेवक आहे, इतकंच. खिजर किंवा खदिर हे नाव हदीसमध्ये येतं, बुखारीच्या संग्रहात. तो ओसाड जमिनीवर बसला आणि ती हिरवी झाली म्हणून हे नाव, असंही तिथेच आहे. तर हा सेवक मोशेला बजावतो की मी काय करतो ते विचारायचं नाही. मग तो गरीब नावाड्यांच्या होडीला भोक पाडतो, एका पोराला मारतो, आणि ज्या गावाने त्यांना जेवायलाही घातलं नाही त्या गावातली पडायला आलेली भिंत फुकट बांधून देतो. मोशे तिन्ही वेळा बोलून बसतो. शेवटी उलगडा होतो: पलीकडे एक राजा चांगल्या होड्या जप्त करत होता, पोरगा आईबापांच्या जिवाला घोर लावणारा निघाला असता, आणि भिंतीखाली दोन अनाथ पोरांचं धन होतं.

आपल्याकडची गोष्ट तुम्हांला माहीत असेल. रब्बी येहोशुआ बेन लेवी एलियाहूबरोबर प्रवासाला निघतो, अट तीच, प्रश्न विचारायचा नाही. गरीब जोडपं त्यांचा पाहुणचार करतं आणि सकाळी त्यांची एकुलती गाय मरते. श्रीमंत कंजूष विचारतही नाही आणि एलियाहू त्याची पडकी भिंत उभी राहावी म्हणून प्रार्थना करतो. उलगडा: त्या दिवशी बायको मरायची होती, गाय तिच्या बदली गेली, आणि भिंत बांधायला कंजुषाने पाया खणला असता तर त्याला खाली पुरलेलं धन सापडलं असतं. भिंत दोन्हीकडे आहे, धन दोन्हीकडे आहे. फक्त तिकडे धन अनाथांसाठी झाकलेलं राहतं आणि इकडे कंजुषापासून. मला इकडचा शेवट जास्त आवडतो, त्यात थोडा खट्याळपणा आहे.

फॉरवर्ड म्हणतं, ही गोष्ट ताल्मूदमध्ये आहे, कुराणाने ती उचलली. ताल्मूदमध्ये ही गोष्ट नाही. येहोशुआ बेन लेवी आणि एलियाहू यांच्या भेटी ताल्मूदमध्ये आहेत, सानहेद्रीन ९८अ उघडा आणि वाचा. पण हा प्रवास, ही गाय, ही भिंत तिथे नाही. ती आपल्याला भेटते रब्बी निस्सीम बेन याकोव यांच्या पुस्तकात. ते अकराव्या शतकातले, उत्तर आफ्रिकेतल्या कैरवानचे, आणि पुस्तक लिहिलं ते अरबीत, हिब्रू अक्षरांत. म्हणजे कुराणानंतर चारशे वर्षांनी. गोष्ट त्याआधी तोंडी फिरत होती की मुसलमान शेजाऱ्यांकडून कैरवानच्या ज्यूंनी ऐकली, यावर विद्वान दोन्ही बाजूंनी भांडले आहेत. रब्बी निस्सीम काही लहान माणूस नव्हते, गाओनांशी पत्रव्यवहार करणाऱ्यांच्या घरातले. त्यांनी ती गोष्ट लिहिली, दुःखात पडलेल्या माणसाला धीर द्यायला, आणि त्यांना तिच्या भाषेचा विटाळ झाला नाही. आपण आज ती मुलांना एलियाहूची गोष्ट म्हणून सांगतो. सांगावीच.

आता उलट बाजूच्या उत्साही लोकांसाठी एक वाक्य. खिजर म्हणजेच एलियाहू, सगळे एकच, असं म्हणून मोकळं होणंही चुकीचं आहे. मुसलमान परंपरा ह्या दोघांना सहसा वेगळं धरते. एकाकडे जमीन, दुसऱ्याकडे समुद्र, आणि दोघे दरवर्षी हजच्या वेळी भेटतात, असं सांगतात. तुर्कस्तानात तर दोघांच्या नावांची सांधून एक सण केला आहे, हिदरेल्लेझ, ६ मेला. आपल्या इथे बेथलेहेमजवळ अल-खदर नावाचं गाव आहे, तिथला खदर म्हणजे ख्रिस्ती लोकांचा सेंट जॉर्ज. हैफाला आपण एलियाहूच्या गुहेत जातो, तिला अरबीत अल-खदरच म्हणतात, आणि ज्यू, मुसलमान, ख्रिस्ती, द्रूझ असे सगळे तिथे नवस बोलत आले आहेत. कफर यासीफला द्रूझ लोक दर २५ जानेवारीला नबी अल-खदरच्या यात्रेला जमतात; आपला तू बिश्वातही त्याच सुमाराला येतो. योगायोग असेल. पण एका गुहेत चार जातींची माणसं मेणबत्ती लावतात म्हणून चौघांच्या मनातला माणूस एक होत नाही. आपला एलियाहू हवदालाच्या वेळी बोलावला जातो, पेसाहच्या रात्री त्याचा प्याला भरला जातो, मलाखी नबीच्या शेवटच्या पानावर त्याच्या येण्याचा वायदा आहे, आणि तो माशियाहच्या आधी यायचा आहे. इल्यासला हे काम नाही. मुसलमान शेवटच्या दिवसांत वाट बघतात ती ईसाची.

इतकं झाल्यावर घरात येऊ, कारण खरं भांडण घरातलं आहे.

हाईम सॅम्युएल केहीमकरांनी बेने इस्राएलचा इतिहास १८९७ साली लिहून काढला आणि तो १९३७ साली तेल अवीवला छापला गेला. त्यात आपल्या सणांची जुनी नावं आहेत. शेवात महिन्याच्या पंधराव्या दिवसाला आपले लोक काय म्हणायचे? 'एलियाहू हन्नाबीचा उरूस'. सेदेर नव्हे, तू बिश्वातही नव्हे. उरूस. अरबी शब्द आहे, मूळ अर्थ लग्न, आणि पीराच्या मृत्युदिनाला म्हणतात कारण त्या दिवशी त्याचा आत्मा देवाला मिळाला. आता एलियाहू तर मेलाच नाही! ना आपल्या हिशोबाने, ना तबरीच्या. तेव्हा शब्दाचा काटेकोर अर्थ धरला तर आपल्या आज्यांनी घोटाळाच केला. पण त्यांना कुठे दर्ग्याचं व्याकरण शिकायचं होतं? कोकणात उरूस म्हणजे जत्रा, देवाच्या माणसाच्या नावाने सगळ्यांनी मिळून गोडधोड करण्याचा दिवस. त्यांनी तो शब्द तेवढ्यासाठी घेतला आणि आपल्या नबीला लावला.

आणि तो एकटाच शब्द घेतला का? एलूल महिन्यातल्या उपासांना आपले लोक 'रमजान' म्हणायचे. तिशा बेआवला 'बिरड्याचा रोजा'. रोजा फारसी, बिरडं आपलं वालाचं. डेव्हिड राहाबीने शिकवून तयार केलेल्या, न्यायनिवाडा आणि धर्मविधी पाहणाऱ्या माणसांना काय म्हणत? काजी. झिराडकर, राजपूरकर, शापूरकर ह्या काजी घराण्यांचे वंशज आज इस्राएलमध्ये आहेत, आणि 'आमचे पूर्वज काजी होते' हे अभिमानाने सांगतात. त्यांना कुणी म्हणत नाही की हा शब्द काढा. मुंबईत सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी १७९६ साली जे पहिलं सिनेगॉग बांधलं, शाआर हारहामीम, त्याला लोक जुनी मशीद म्हणायचे. मध्य रेल्वेच्या मस्जिद स्टेशनाचं नाव तिथून आलं, असं आपण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो, छाती फुगवून. मशीद चालते, काजी चालतो. मग उरूस का नको?

मलिद्याबद्दल तर फारच विद्वत्ता चालते. मलिदा हा फारसी शब्द, चोळलेलं, कुस्करलेलं. दर्ग्यावर वाहतात तो मलिदा गव्हाच्या पोळीचा, तूप-गूळ घालून कुस्करलेला. आपला मलिदा भिजवलेल्या पोह्यांचा, त्यात खोवलेला नारळ, साखर किंवा गूळ, वेलची, सुका मेवा, वर फळं, गुलाब, सब्जाची डहाळी. आपल्यात काही कुस्करायचं नसतंच. म्हणजे नाव एकीकडून आलं आणि पदार्थ रायगडच्या भातशेतीतून. वर म्हटले जातात ते बेराखोत हिब्रू. झाडाच्या फळाचा वेगळा, जमिनीतल्या फळाचा वेगळा. (मराठी वर्तमानपत्रांत मलिदा म्हणजे लाचेचा पैसा, तेही आपल्या डोक्यावर मारू नका म्हणजे झालं.)

हे सरळ मान्य करायच्या ऐवजी काही मंडळींनी एक नवीन वंशावळ शोधली आहे: मलिदा म्हणजे बेथ हामिकदाशमधला मिनहा, पिठाचं अर्पण, आपण ते दोन हजार वर्षं जपलं. ऐकायला छान आहे. पण वायिक्राचा दुसरा अध्याय उघडा. मिनहात तेल आणि लोबान, आणि अकराव्या पासुकात स्पष्ट मनाई, खमीर नको आणि मध नको. राशी तिथे सांगतो की कुठल्याही गोड फळाच्या गोडीला मधच म्हणतात. आणि आपण ताटात काय घालतो? गूळ, खजूर, केळी! मिनहाशी नातं जोडायला निघालेल्याने निदान तो अध्याय शेवटपर्यंत वाचायला हवा होता.

ही धुण्याची सवय आली कुठून, तेही माहीत आहे. १९६२ साली मुख्य रब्बीनतने हुकूम काढला की बेने इस्राएल माणसाचं लग्न लावण्याआधी त्याच्या आईच्या, आजीच्या कुळाची चौकशी करावी. १९६४च्या उन्हाळ्यात आपली माणसं बायकापोरांसह येरुशलायीमला ठिय्या देऊन बसली, क्नेसेटमध्ये चर्चा झाली, आणि ऑगस्टमध्ये रब्बीनतला हुकुमातून आपलं नाव काढावं लागलं. त्या माणसांनी मागितलं ते एवढंच, की आम्ही पूर्ण ज्यू आहोत, जसे आहोत तसे. त्यांनी मलिद्याची माफी मागून ते मिळवलं नाही. भीती मात्र घरात राहिली. आपल्यात काही परकं सापडलं तर पुन्हा कुणीतरी कागद मागेल, ही ती भीती. साठ वर्षांनी कुणी कागद मागत नाही आणि आपण होऊन आपल्या पत्रिकेवर लाल पेन चालवतो आहोत.

विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा मी टाळणार नाही. ते म्हणतात, तनाखमधला एलियाहू दुष्काळाचा, डोंगराचा, आगीचा नबी. समुद्राशी त्याचा संबंध नाही. मग नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटल्यावर बुडालेल्यांना शुद्धीवर आणायला तोच कसा आला? बुडणाऱ्याला वाचवणं हे तर खिजरचं काम, हिंदुस्थानातले नावाडी त्याच्याच नावाने होडी सोडतात. म्हणजे आपली मूळकथाच उसनी! माझं उत्तर असं. सारफाथच्या विधवेचा मेलेला मुलगा उठवणारा एलियाहूच होता, तेव्हा श्वास परत आणणं त्याला नवीन नाही. आणि समुद्राकाठच्या माणसांनी आपल्या नबीकडे समुद्रातून वाचवण्याची आशा धरली, शेजारचा कोळी, शेजारचा मुसलमान खलाशी जशी आपापल्या माणसाकडे धरतो तशी, तर त्यात उसनं काय आहे? सेफेर तोरा नाही, सिद्दूर नाही, रब्बी नाही, अशा तेलाच्या घाण्यावर शनिवार पाळणाऱ्या लोकांनी शेमा राखला, शाब्बाथ राखला, मिला राखली, आणि एलियाहू राखला. काजी, रोजा, उरूस हे शब्द वापरणाऱ्या शेजाऱ्यांमध्ये त्यांना मांस हलाल करण्यापासून देव एक म्हणण्यापर्यंत आपल्यासारखं काहीतरी ओळखीचं दिसलं असणार. इल्यास नावाचा एक पैगंबर बआलाविरुद्ध उभा राहिला होता, हे गावातल्या मुसलमानालाही ठाऊक होतं. एलियाहूचं नाव ऐकून जो शेजारी हसत नाही, त्याच्या शेजारी एलियाहूचं नाव टिकवणं सोपं जातं.

राहिला रागाचा मुद्दा. कुणी म्हणेल, पोरं सैन्यात आहेत, रात्री सायरन वाजतात, आणि तुम्हांला उरुसाचं पडलंय. राग मला समजतो. माझ्याही घरात गणवेश वाळत पडलेले असतात. पण रामबामपेक्षा जास्त कारण आपल्यातल्या कुणाला आहे? अलमोहादांनी कोर्दोबा घेतलं आणि त्याच्या घराला देशोधडीला लावलं. त्याने यमनच्या ज्यूंना लिहिलेल्या पत्रात इश्माएलींच्या छळाबद्दल अतिशय कडक लिहिलं आहे. त्याच रामबामने ओवाद्या गेराला उत्तर देताना सांगितलं की इश्माएली मूर्तिपूजक नाहीत, ते देव एक मानतात, आणि त्यांनी आपल्याबद्दल खोटं बोललं म्हणून आपण त्यांच्याबद्दल खोटं बोलायचं नाही. 'एलियाहू चोरला' हे खोटं आहे. ते फॉरवर्ड करण्याने एकही सायरन थांबत नाही.

तेव्हा पुढच्या तू बिश्वातची पत्रिका जे छापणार आहेत त्यांना माझी मागणी साधी आहे. हिब्रूत 'तू बिश्वात' छापा, त्याच्याखाली मराठीत 'एलियाहू हन्नाबीचा उरूस' छापा, आणि 'मलिदा' हा शब्द अवतरणचिन्हांत टाकू नका. पोरांनी विचारलं की उरूस म्हणजे काय, तर सांगा की अरबी शब्द आहे. हैफाच्या गुहेत नेलं आणि शेजारी कुणी अल-खदर म्हणाला, तर तो कोण तेही सांगा, आणि आपला एलियाहू त्याहून कुठे वेगळा तेही. पोहे मात्र जाड घ्या. इथे पातळ मिळतात ते भिजवले की लगदा होतो.